माहितीची सुरक्षा आणि संस्थेचे कार्य

मराठी राज्यकारभारातील जुनी पत्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना 'शिक्कामोर्तब' या शब्दाचा मूळ अर्थ परिचित असेल. पत्राच्या माथ्यावर शिक्का उमटविला जाई आणि मजकूर संपताच त्याच्याखाली मोर्तब, म्हणजे मर्यादा दर्शविणारी लहान मुद्रा, केली जाई. मोर्तबाच्या पुढे कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती मागाहून घातलेली आहे हे तत्काळ ओळखू यावे, हा त्यामागील हेतू. पत्र लांब असल्यास कागदाचे बंद एकास एक चिकटवीत व त्या जोडांवर पाठीमागून शिक्के मारीत. मग मधला बंद काढून तेथे दुसरा बसविणे सहजासहजी शक्य होत नसे.

या योजनेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इनामाचे किंवा वतनाचे पत्र लपवून ठेवण्यासाठी लिहिलेले नसे. ते चारचौघांत वाचून दाखविता यावे, वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून पुढे करता यावे, यासाठीच ते दिलेले असे. म्हणून तेथे गुप्ततेची फारशी गरज नव्हती; मजकूर जसाच्या तसा राहील ही हमी हवी होती. सुरक्षेची युक्तीही नेमकी तेवढ्याचसाठी योजलेली होती. काम कोणते, ते कोणासाठी, आणि त्यात बिघाड झाल्यास नुकसान कोणाचे, याचा विचार आधी झाला. शिक्का मागाहून आला.

आज दप्तराची जागा बहुतांशी संगणकाने घेतली आहे. जमिनीचे उतारे, जन्ममृत्यूचे दाखले, शाळेचे निकाल, पतसंस्थेतील खाती, दूध संस्थेची देयके, सर्व काही यंत्राच्या स्मृतीत साठविले जाते. त्याबरोबर माहितीच्या सुरक्षेचे नियमही आले. परंतु अनेक ठिकाणी जुना क्रम उलटा झालेला दिसतो. कुलूप आधी आणले जाते आणि दार कोणते, आत काय आहे व त्या दारातून कोणाची ये-जा आहे, याची चौकशी नंतर होते. परिणामी काही ठिकाणी कुलूप निरुपयोगी ठरते, तर काही ठिकाणी ते घरच्याच माणसांना बाहेर ठेवते. सुरक्षेचे नियम संस्थेच्या कार्याशी व मूल्यांशी कसे जुळवावेत, याचा विचार म्हणूनच प्रत्येक कार्यालयाने व संस्थेने करणे अगत्याचे आहे.

सुरक्षेची तीन अंगे

माहितीच्या सुरक्षेची तीन अंगे मानली जातात. पहिले गोपनीयता : ज्याला अधिकार नाही त्याच्या हाती माहिती पडू नये. दुसरे अखंडता : माहितीत कोणी अनधिकाराने फेरफार करू नये व ती चुकून बिघडू नये. तिसरे उपलब्धता : ज्याला अधिकार आहे त्याला ती हवी तेव्हा मिळावी.

सामान्यतः सुरक्षा म्हटली की पहिल्याच अंगाकडे लक्ष जाते. वस्तुतः ही तिन्ही अंगे सारख्याच मोलाची आहेत आणि पुष्कळदा ती एकमेकांस ओढ देतात. कपाटाला पाच कुलपे लावली तर गोपनीयता वाढेल. परंतु ऐन वेळी एक किल्ली हरवली तर उपलब्धता संपली. कागदाच्या दहा प्रती दहा ठिकाणी ठेवल्या तर उपलब्धता वाढेल. परंतु तेवढ्याच ठिकाणी गोपनीयता सांभाळावी लागेल.

शिक्षकांना याचे उदाहरण रोजच्या कामातच सापडेल. परीक्षेची प्रश्नपत्रिका परीक्षेच्या घटकेपर्यंत कडेकोट गुप्त ठेवावी लागते. घंटा होताच ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती पडली पाहिजे. पाकिटाचे सील वेळेवर फुटले नाही तर परीक्षाच होणार नाही. परीक्षा आटोपल्यावर तीच प्रश्नपत्रिका पुढील वर्षीच्या मुलांना सरावासाठी उघडपणे वापरता येते. कागद एकच, पण तीन वेळी त्याची सुरक्षा तीन प्रकारची. माहितीला स्वतःची अशी कायमची गुप्तता नसते. ती कोणत्या कार्यासाठी वापरली जात आहे, यावरून रक्षणाचा प्रकार ठरतो.

कार्याप्रमाणे प्राधान्य

रुग्णालयाचे उदाहरण घ्यावे. दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी संगणकीय हल्ला झाला. हल्लेखोरांनी तेथील माहिती कूटबद्ध केल्याने ती संस्थेलाच वाचता येईना. रुग्णनोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल इत्यादी कामे हाताने करावी लागली आणि बहुतेक कामकाज पूर्ववत होण्यास सुमारे दोन आठवडे लागले. हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका राखीव संगणकावर माहितीची प्रत शिल्लक होती, त्यामुळे ती परत मिळविता आली, असे शासनाने संसदेत सांगितले. संगणकांचे जाळे योग्य रीतीने विभागलेले नसल्याने हा प्रकार घडू शकला, असेही त्या वेळी स्पष्ट करण्यात आले. रुग्णाच्या आजाराची माहिती गुप्त राहिली पाहिजे, हे खरेच. तथापि शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्णाचा रक्तगट डॉक्टरला त्या क्षणी कळला नाही, तर केवळ गुप्ततेने रुग्ण वाचत नाही. रुग्णालयाच्या सुरक्षायोजनेत राखीव प्रतीला आणि कागदी नोंदीच्या पर्यायी व्यवस्थेला आघाडीचे स्थान मिळाले पाहिजे, ते यासाठी.

बँकेचे चित्र निराळे आहे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम काढून घेतली गेली. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील यंत्रांतून पैसे निघाले आणि १३ ऑगस्ट रोजी आणखी सुमारे १४ कोटी रुपये परदेशी वळविण्यात आले. पैसे काढण्याची विनंती आली की ती खात्याशी ताडून पाहून होकार अगर नकार द्यावयाचा, ही बँकेच्या यंत्रणेची साखळी असते. हल्लेखोरांनी त्या साखळीत आपली बनावट कडी बसविली आणि ती कडी खोट्या विनंत्यांना परस्पर होकार देत राहिली. येथे घाव बसला तो मुख्यतः अखंडतेवर. बँकेचा व्यवहार 'हो' आणि 'नाही' या दोन शब्दांच्या खरेपणावर उभा असतो. तो खरेपणा तपासणारी दुसरी, स्वतंत्र नजर असणे, हीच बँकेची खरी गरज होय.

आता गावातील दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडे वळावे. सकाळी व सायंकाळी सभासद दूध घेऊन येतात. यंत्रावर वजन होते, स्निग्धांश मोजला जातो, त्यावरून दर ठरतो आणि ठराविक दिवसांनी देयक मिळते. या माहितीत गुप्त ठेवण्यासारखे किती आहे? दराचा तक्ता तर भिंतीवर लावलेलाच बरा. या संस्थेचे भांडवल म्हणजे सभासदांचा विश्वास, आणि तो टिकतो आकड्यांच्या खरेपणावर. म्हणून मोजमाप होताच सभासदाच्या हाती पावती पडणे, एकदा नोंदलेला आकडा बदलावयाचा झाल्यास दोघांच्या संमतीनेच बदलणे, मूळ आकडा व दुरुस्ती या दोहोंची नोंद राहणे, वजनकाट्याची वेळच्या वेळी शासकीय पडताळणी होणे आणि वीज गेल्यास वापरण्यासाठी शाईने लिहावयाची नोंदवही तयार असणे, हीच या संस्थेची सुरक्षा. सभासदांचे बँक खाते क्रमांक तेवढे जपून ठेवावेत. कोणी मोठ्या शहरातील बँकेची नियमावली उचलून आणून या संस्थेला लावली, तर खर्च होईल, चिटणीसाचा वेळ जाईल, आणि आकड्यात फेरफार करण्याची वाट मात्र मोकळीच राहील.

गैरसोयीचा नियम पाळला जात नाही

सुरक्षेचा नियम कामाच्या आड आला की माणसे त्याला वळसा घालतात. त्यात दर वेळी बेफिकिरी असतेच असे नाही. बऱ्याचदा काम वेळेवर व्हावे ही प्रामाणिक तळमळच असते. रांगेत पंधरा माणसे उभी आहेत, एक कारकून रजेवर आहे आणि दुसऱ्याला त्या संगणकावर प्रवेशच नाही, अशा वेळी रजेवरच्या कारकुनाचा परवलीचा शब्द दूरध्वनीवरून विचारला जातो. पुढे तोच शब्द चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटविला जातो. नियम कागदावर राहतो. कोणत्या नोंदीस कोण जबाबदार, हे मात्र कायमचे पुसले जाते. दोष शोधावयाचा तर तो रजेच्या काळातील बदली व्यवस्थेचा विचार न करता केलेल्या नियमात शोधावा लागेल.

हे तत्त्व जाणत्यांना फार पूर्वी उमगले होते. आउगुस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ साली लष्करी सांकेतिक लेखनासंबंधी फ्रेंच भाषेत एक लेख लिहून सहा अटी घालून दिल्या. त्यांतील शेवटची अट अशी की, ही पद्धत वापरण्यास सोपी असावी; तिच्यासाठी मनावर ताण पडू नये किंवा नियमांची लांबलचक यादी ध्यानात ठेवावी लागू नये. रणांगणावरील थकलेल्या सैनिकाला जे झेपत नाही ते सुरक्षित नव्हे, असा याचा भावार्थ. पुढे १९७५ साली जेरोम साल्झर व मायकेल श्रोडर या अमेरिकी अभ्यासकांनी संगणकातील माहितीच्या रक्षणाची आठ तत्त्वे मांडली. त्यांतही वापरणाऱ्याच्या मनाला पटेल व त्याच्या सवयीत बसेल अशी योजना असावी, हे एक तत्त्व आहे.

तरीही चूक घडलीच. परवलीचा शब्द ठराविक दिवसांनी बदललाच पाहिजे, त्यात अंक आणि चिन्हे हवीतच, अशी सक्ती अनेक वर्षे जगभर चालू होती. अनुभव असा आला की लोक शब्द बदलत नाहीत, केवळ शेवटचा अंक बदलतात. किंवा तो कोठेतरी लिहून ठेवतात. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ साली आपल्या मार्गदर्शिकेत बदल केला. शब्द फुटल्याचा पुरावा नसताना तो नियतकालाने बदलावयास लावू नये आणि शब्दाच्या लांबीस अधिक महत्त्व द्यावे, असे तिने सुचविले. नियम वर्षानुवर्षे चालत आला आहे एवढ्यावरून तो उपयुक्त ठरत नाही. त्याने साधते काय, हे पुनःपुन्हा पाहावे लागते.

मूल्यांचा प्रश्न

संस्थेला कार्य असते, तशी मूल्येही असतात. शासकीय कार्यालयाची मूल्ये कायद्याने व संविधानाने घालून दिलेली आहेत : नागरिकांना समान वागणूक, कारभारात पारदर्शकता आणि व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा आदर. सुरक्षेचा कोणताही उपाय या मूल्यांच्या कसोटीवर उतरला पाहिजे.

स्वस्त धान्य दुकानातील अंगठ्याच्या ठशाची पद्धत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. एकाचे धान्य दुसऱ्याने उचलू नये, हा तिचा हेतू रास्त आहे. परंतु जन्मभर शेतात, बांधकामावर किंवा खाणीवर राबलेल्या हातांवरील रेषा झिजलेल्या असतात. वृद्धांचे ठसे तर पुष्कळदा जुळतच नाहीत. ठसा जुळला नाही म्हणून एखादी वृद्धा रिकाम्या पिशवीने घरी परतली, तर यंत्राच्या हिशेबी सुरक्षा अबाधित राहिली. योजनेचा हेतू मात्र त्याच क्षणी पराभूत झाला, कारण योजना अस्तित्वात आली ती तिच्या चुलीसाठी. सर्वोच्च न्यायालयाने आधारविषयक प्रकरणात २६ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालातही, प्रमाणीकरण अयशस्वी झाले एवढ्याच कारणाने पात्र व्यक्ती लाभाला मुकता कामा नये, ही भूमिका नमूद झालेली आहे. ठसा न जुळल्यास भ्रमणध्वनीवरील संकेतांक, डोळ्यांच्या बुबुळाची ओळख किंवा अन्य कागदपत्र, असा पर्याय दुकानदाराला ठाऊक असणे व त्याने तो आपण होऊन देणे, हा सुरक्षायोजनेचाच भाग समजला पाहिजे.

पारदर्शकता आणि खाजगीपणा यांचा मेळ हा दुसरा नाजूक प्रश्न. गोव्याने माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा १९९७ सालीच केला होता; संपूर्ण देशासाठीचा अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. अनुदानाच्या योजना कशा राबविल्या, किती रक्कम दिली व लाभार्थी कोण, ही माहिती मागणीची वाट न पाहता प्रसिद्ध करण्याचे बंधन त्याच्या कलम ४ ने घातले आहे. दुसऱ्या बाजूस, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या अधिकारातील व्यक्तिगत माहितीविषयक अपवादातही या अधिनियमाने बदल केला. मात्र संभाव्य हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तेथे माहिती देता येते, ही कलम ८ मधील तरतूद कायम आहे.

पंचायतीच्या फलकावर घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी लावताना या दोन्ही मूल्यांची गाठ पडते. यादी लावूच नये, असे म्हणणे म्हणजे ग्रामसभेच्या डोळ्यांवर पट्टी बांधणे होय. योजना, लाभार्थ्याचे नाव, वाडा आणि मंजूर रक्कम ग्रामस्थांना कळली, तरच अपात्राला लाभ मिळाल्याची तक्रार कोणी करू शकेल. परंतु त्याच यादीत आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक आणि भ्रमणध्वनी क्रमांक छापण्याने कारभार अधिक पारदर्शक होत नाही. केवळ फसवणूक करणाऱ्याचे काम सोपे होते. नियमांनी ठरविलेले प्रयोजन वगळता आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास २०१६ च्या आधार अधिनियमाने मनाई केलेली आहे. जे ग्रामसभेला जाणण्याचा हक्क आहे ते फलकावर, जे केवळ रक्कम खात्यात पोहोचविण्यासाठी लागते ते कपाटात, अशी विभागणी केली तर दोन्ही मूल्ये राखली जातात. 'सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही' हे उत्तर आळसाचे किंवा लपवाछपवीचे पांघरूण होऊ न देणे, हेही अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

संस्थेने काय करावे

माहितीच्या सुरक्षेच्या व्यवस्थापनासाठी २७००१ या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते २००५ साली प्रथम प्रसिद्ध झाले व २०१३ आणि २०२२ साली सुधारले गेले. संस्थेने आपले कार्य, आपली परिस्थिती आणि आपल्याशी संबंधित लोकांच्या अपेक्षा आधी जाणून घ्याव्यात, मगच उपाय ठरवावेत, असा त्याचा क्रम आहे. लहान संस्थेला हे मानक संपूर्णपणे स्वीकारण्याची गरज नाही. त्यातील क्रम मात्र घेण्यासारखा आहे. तो पुढीलप्रमाणे अमलात आणता येईल.

१. संस्थेचे कार्य व ते ज्यांच्यासाठी आहे ते लोक, याविषयी दोन-तीन वाक्यांचा ठराव पंचायत मंडळाने किंवा संचालक मंडळाने स्वतः करावा. हे काम संगणक चालविणाऱ्या कर्मचाऱ्यावर सोपवू नये. काय जपावयाचे हा निर्णय धोरणाचा आहे. कसे जपावयाचे हा भाग तंत्राचा.

२. संस्थेजवळील माहितीची यादी करावी. प्रत्येक प्रकारापुढे तीन प्रश्न लिहावेत : ही फुटली तर कोणाचे नुकसान? ही बदलली गेली तर? ही आठ दिवस मिळाली नाही तर? उत्तरांवरून कोणत्या अंगाला प्राधान्य द्यावे, हे आपोआप दिसेल.

३. उपाय नुकसानाच्या प्रमाणात असावा. शंभर रुपयांच्या वस्तूसाठी हजाराची तिजोरी घेऊ नये. तसेच सभासदांच्या आयुष्यभराच्या ठेवी दोन आण्यांच्या कुलपावर सोडू नयेत.

४. नियम करण्यापूर्वी खिडकीमागे बसणारा कारकून आणि खिडकीपुढे उभा राहणारा नागरिक, या दोघांना विचारावे. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र प्रवेश द्यावा आणि रजेच्या दिवसांसाठी बदली व्यवस्था आधीच ठरवावी.

५. महत्त्वाच्या माहितीची राखीव प्रत मूळ संगणकापासून निराळी ठेवावी. ती खरोखर उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. न तपासलेली प्रत म्हणजे कधीही न काढलेली छत्री. पाऊस आल्यावरच तिची भोके दिसतात.

६. संकटाच्या दिवसाची योजना लिहून ठेवावी : हाताने काम कसे चालवावे, कोणी कोणास कळवावे. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. शासकीय संस्था, कंपन्या व सेवा पुरविणाऱ्यांनी संगणकीय सुरक्षेचे ठरावीक प्रकारचे प्रसंग लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत केंद्र शासनाच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेस कळविणे, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार बंधनकारक आहे. चूक करणाऱ्याला ती सांगण्याची भीती वाटू नये, असे वातावरण असले तरच हे सहा तास पुरतील.

७. वर्षातून एकदा सर्व नियम पुन्हा वाचावेत आणि प्रत्येकापुढे 'हा कशासाठी?' असे विचारावे. उत्तर न मिळाल्यास तो नियम रद्द करावा.

समारोप

मोर्तब करणाऱ्या कारकुनाला संगणक ठाऊक नव्हता. परंतु आपल्या हातातील कागद कोणाच्या उपयोगी पडणार आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. वतनदाराच्या नातवाला तो कागद दाखवून आपला हक्क सिद्ध करावयाचा होता, आणि मुद्रा त्याच्यासाठी होती. आजच्या कर्मचाऱ्यासमोर कागदाऐवजी पडदा आहे, एवढाच फरक. त्या पडद्यामागे कोणाची जमीन आहे, कोणाची ठेव आहे, कोणाचा महिन्याचा शिधा आहे. ही जाणीव ठेवून जो नियम केला जाईल, तो पाळण्यास सोपा व मोडण्यास अवघड असेल. खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे काम झाले आणि त्याच्या हक्काला धक्का लागला नाही, म्हणजे माहितीची सुरक्षा साधली.